जागा, पाणी आणि नाव : महाराष्ट्रातील शाळांमधील ओळखाधारित अवहेलना व तिच्या प्रतिबंधाचा इतिहास

बीजसंज्ञा : हिणवणे, जातिभेद, मिश्र शाळा, वसतिगृह, विमुक्त जमाती, शिक्षण हक्क

प्रस्तावना

मराठी भाषेत 'चिडवणे' आणि 'हिणवणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. उंची, चष्मा, बोबडे बोल, परीक्षेत मिळालेला भोपळा यांवरून मुले एकमेकांना चिडवतात. चिडवलेला मुलगा उलट चिडवू शकतो आणि मधल्या सुटीत दोघे एकाच डब्यातून खातात. 'हिणवणे' या शब्दाच्या पोटात मात्र 'हीन' हा शब्द दडलेला आहे. हिणवणाऱ्याला समोरच्या मुलाचा स्वभाव ठाऊक असण्याची गरज नसते; त्याची जात, धर्म, वस्ती किंवा आईबापांचा धंदा ठाऊक असला की पुरते. हिणवलेल्या मुलाला उलट हिणवता येत नाही, कारण बोलणाऱ्या मुलाच्या पाठीशी सारे गाव उभे असते. इंग्रजीतील 'बुलिंग'साठी अलीकडे 'दादागिरी' हा प्रतिशब्द वापरला जातो. दांडगट मुलाच्या वर्तनाला तो शोभतो. परंतु ओळखीवरून होणाऱ्या छळात हिणवणारा मुलगा पुष्कळदा दांडगट नसतोच. तो वर्गातला हुशार, आज्ञाधारक, शिक्षकांचा लाडका असू शकतो. घरी ऐकलेले तो शाळेत म्हणतो, एवढेच.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील शाळांत अशी अवहेलना रोखण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हा इतिहास सामान्यतः शिक्षणप्रसाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. किती शाळा निघाल्या, कोणाला प्रवेश मिळाला, किती मुले शिकली. प्रवेश मिळाल्यानंतर त्या मुलाला वर्गात कोठे बसवले, पाणी कोणी दिले आणि हाक कोणत्या नावाने मारली, हे प्रश्न त्या वर्णनात मागे पडतात. या तीन प्रश्नांच्या अंगाने पाहिल्यास असे दिसते की, ज्या उपायांनी मोठ्या माणसांवर जबाबदारी टाकली आणि रोजची व्यवस्था प्रत्यक्ष बदलली त्यांना काही यश आले. ज्यांनी केवळ तत्त्व जाहीर केले ते दप्तरी पडून राहिले.

नगरचा आरंभ

या इतिहासाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून निघतो. मिरजगाववरून जाणारा सोलापूर रस्ता ज्या नगर शहरात पोहोचतो (आजचे अहिल्यानगर), तेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू होते. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा याच शहरात होती. ती पाहून आपल्याला मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा झाली, असे जोतीराव फुले यांनी स्वतः नमूद केले आहे. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही याच फरारबाईंकडे झाले. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगर येथेच सुरू झाले, आणि त्याच 'ज्ञानोदया'ने १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग जातीत जन्मलेल्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापला.

हा निबंध दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून गौरविला जातो आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. अवहेलना झालेल्या समाजातील शाळकरी मुलीने स्वतः त्या अवहेलनेविषयी लिहिले आणि एका संपादकाने ते छापले. पुढील सव्वाशे वर्षांत मुलांच्या छळाविषयी अधिकाऱ्यांनी, सुधारकांनी, समित्यांनी पुष्कळ लिहिले. प्रत्यक्ष मुलाने लिहिलेले फार थोडे आढळते. मुक्ताला लिहिता आले, कारण तिच्या शाळेत तिला हिणवणारे कोणी नव्हते. ती शाळा तिच्यासारख्यांसाठीच काढलेली होती. येथेच एक पेच उभा राहतो. हिणवल्या जाणाऱ्या मुलांची वेगळी शाळा काढावी, की सर्वांच्या शाळेत त्यांना सन्मानाने बसवावे?

धारवाडचा अर्ज

तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. प्रवेश नाकारला गेला, तेव्हा प्रकरण मुंबई सरकारकडे गेले. जुलै १८५६ च्या ठरावात सरकारने जे म्हटले त्याचा आशय मोठा बोलका आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. परंतु या एकाला घेतल्यास बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, सबब हस्तक्षेप करता येत नाही. १८५८ साली कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे तत्त्व सांगितले खरे, पण मुंबई सरकारचा युक्तिवाद त्याने संपला नाही. त्यानंतर खेड्यापाड्यांत कितीतरी मुख्याध्यापकांनी, पाटलांनी, शाळा समित्यांच्या सभासदांनी तो वेगवेगळ्या शब्दांत केला असणार. न्याय तुमच्या बाजूने आहे, पण गावाला सांभाळून घ्यायचे आहे!

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या परिस्थितीवर नेमके बोट ठेवले. वरिष्ठ जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्याने महार-मांगांची मुले व्यवहारतः शाळेबाहेर राहतात. त्यांच्यासाठी काढलेल्या खास शाळा फक्त मोठ्या गावांत आहेत, असे त्यांनी सांगितले. फुल्यांनी प्रवेशाच्या हक्काविषयी न बोलता 'शेजारी बसण्या'विषयी बोलावे हे लक्षणीय आहे. हंटर आयोगाने पुढे तत्त्व कायम ठेवले, ते सावधपणे राबवावे असे म्हटले आणि खास शाळांची शिफारस केली. सावधपणाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला.

गोणपाट आणि नळ

प्रवेश मिळालेल्या मुलाचे वर्गात काय होत असे, याचे सर्वांत तपशीलवार वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या इंग्रजी आठवणींत आहे. सातारा येथील शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात स्वतंत्र बसावे लागे. बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागल्यास इतर मुले गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जात. या मुलाला मात्र परवानगी पुरत नसे. चपराशाने नळ सोडावा लागे. चपरासी हजर नसेल तर पाणी नाही.

या प्रसंगात दुष्ट असा कोणी नाही. कोणा मुलाने मारले नाही, शिक्षकाने शिवी दिली नाही. आजच्या एखाद्या तक्रार-अर्जात घालण्यासारखे काहीच घडले नाही. तरी सकाळी गोणपाट काखेत मारून निघालेले मूल रस्त्यातून चालताना पाहणाऱ्या प्रत्येकाला ते कोण आहे हे कळत होते. वर्गातील उरलेल्या मुलांचेही एक शिक्षण त्या कोपऱ्यामुळे रोज होत होते, आणि ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. मुलांची जीभ ज्या शाळेत तयार होते, ती शाळा अशी असते.

मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. त्याच वर्षी अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना अनुदान मिळणार नाही, असे सरकारने जाहीर केले. अनुदानाचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण तत्त्वाला प्रथमच किंमत लावली गेली. तथापि प्रवेश देऊन व्हरांड्यात बसवणाऱ्या शाळेचे अनुदान या नियमाने थांबत नव्हते. मिश्र शाळा की स्वतंत्र शाळा हा प्रश्न १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीपुढेही होता, डॉ. आंबेडकर या समितीचे एक सदस्य होते.

कोल्हापूर व सातारा : दोन प्रयोग

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद वाढतो, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण महाराज तेथे थांबले नाहीत. १९१९ च्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या सरकारी शाळांत घ्यावीत असा हुकूम निघाला. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या आदेशांतील एक कलम तर आजही वाचावे असे आहे. अस्पृश्यांना समानतेने व ममतेने वागवणे ज्या अधिकाऱ्याला मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही.

हे कलम मुलांना काहीच सांगत नाही. ते सारे मोठ्यांना उद्देशून आहे. धारवाडच्या प्रकरणात सरकार गावाला भ्याले. कोल्हापुरात नोकराला सरकारचे भय घातले गेले. संस्थानिकाच्या हाती एकवटलेली सत्ता होती म्हणून हे शक्य झाले, हे मान्य करूनही त्यामागची दृष्टी नाकारता येत नाही. मुलांच्या वागण्याची दोरी मोठ्यांच्या हातात असते, हे महाराजांनी ओळखले होते.

दुसरा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. येथे मराठा, महार, मुसलमान, जैन मुले एका छपराखाली राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, एका पंक्तीला बसत, शेतात खपत. समतेवर व्याख्याने तेथेही झाली असतील. पण आज ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याला उद्या वर्गात हिणवणे अवघड होते, ते व्याख्यानांमुळे नव्हे. जागा आणि पाणी या दोन्ही प्रश्नांना या वसतिगृहाने एकदम उत्तर दिले. मात्र ते उत्तर वसतिगृहाच्या भिंतींच्या आत होते. गावातील शाळेत शिकून संध्याकाळी आपापल्या आळीला परतणाऱ्या मुलाला ही पंगत मिळाली नाही, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले अशीच शिकली.

आत्मकथनांची साक्ष

राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने शाळा व वसतिगृहांत प्रवेश नाकारणे गुन्हा ठरला. १९७६ च्या दुरुस्तीने अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला अपमानही गुन्ह्यांत आला. तरीही वर्गात काय उरले होते, हे समजण्यासाठी दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांकडेच वळावे लागते. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. समीक्षकांनी या ग्रंथांचा वाङ्मय म्हणून पुष्कळ विचार केला आहे. शिक्षणाच्या इतिहासकाराने ते शाळेचे दस्तऐवज म्हणूनही वाचायला हवेत, कारण शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांत पटसंख्या सापडते, वर्गातील हशा सापडत नाही.

याच काळात एक नवा शब्दप्रयोग वर्गावर्गांत पोहोचला, 'सरकारचे जावई'. शिष्यवृत्ती, फी-माफी आणि वसतिगृह मिळवणाऱ्या मुलांना उद्देशून तो वापरला गेला. जुन्या अवहेलनेत मूल अपवित्र ठरत होते, नव्यात ते फुकटे ठरले. येथे राज्यसंस्थेची एक खरीखुरी अडचण आहे, जिच्याकडे कायद्याने पुरेसे पाहिले नाही. सवलत द्यायची तर जात नोंदवावीच लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो आणि पुढे जातप्रमाणपत्रासाठी त्याच रकान्याचा आधार लागतो. तो काढून टाका असे म्हणणे सोपे आहे, पण नुकसान त्याच मुलाचे होईल. नोंद कार्यालयातील कपाटात असणे एक आणि तीच नोंद भर वर्गात वाचली जाणे दुसरे. 'शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा' हे वाक्य उच्चारणाऱ्या शिक्षकाच्या मनात बहुधा काही वाईट नसते. साताऱ्याच्या चपराशाच्या मनातही नसावे.

वस्तीवरची मुले

कर्जत-जामखेडच्या दुष्काळी पट्ट्यात हा विषय पारधी समाजाचा उल्लेख केल्याशिवाय पुरा होत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि पुढे १९११ व १९२४ च्या कायद्यांनी जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची पद्धत रूढ केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला; त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. कायद्याच्या पुस्तकातून गेलेला शब्द गावाच्या तोंडातून गेला नाही. वर्गातून कोणाची कंपासपेटी हरवली तर पहिले दप्तर कोणाचे तपासले जाते, हा प्रश्न या भागातील कोणत्याही शिक्षकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहावा.

गंमत अशी, की पारध्यांची आडनावे भोसले, पवार, काळे, चव्हाण अशीच आहेत. हजेरीच्या पटावरून त्या मुलाची ओळख पटत नाही. म्हणून दुसरा प्रश्न येतो, 'कुठला रे तू?' वस्तीचे नाव सांगितले की ओळख पटते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीने केवळ प्रतीकात्मक नव्हता. अर्थात पाटी बदलली तरी वाट तीच राहते, हेही खरे.

अशा मुलांसाठी वेगळी शाळा हवी काय, हा एकोणिसाव्या शतकातील पेच येथे पुन्हा समोर येतो. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. आपल्यासारख्यांच्यात मूल निर्भय होते, लिहू लागते. मुक्ताच्या बाबतीत तेच झाले होते. परंतु गावच्या शाळेतील उरलेली मुले त्या मुलाशेजारी बसायला मग कोठे शिकणार? या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, वेगळी शाळा ही मुलाच्या निवडीची असावी, गावच्या सोयीची नसावी.

कायद्याची पोहोच

नॉर्वेमध्ये तीन किशोरवयीन मुलांच्या आत्महत्यांनंतर १९८३ साली शाळांतील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. तिच्यातून डॅन ओल्वेयस यांनी विकसित केलेला कार्यक्रम पुढे अनेक देशांनी स्वीकारला. मधल्या सुटीत मैदानावर मोठ्यांची नजर असणे, वर्गात स्पष्ट नियम असणे, पालकांशी बोलणे यांवर त्याचा भर आहे. त्यातील बरेच आपणांस उपयोगी आहे. मात्र त्यात छळ थांबवणारा मोठा माणूस तटस्थ आहे, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे तो गृहीत धरता येत नाही. तामिळनाडूत न्या. के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात म्हणूनच मुलांच्या मनगटावरील जातिदर्शक रंगीत दोऱ्यांबरोबर शिक्षकांच्या वर्तनाचाही विचार केला. हजेरीपटात जातीचा उल्लेख नसावा आणि शिक्षकाने जातीचा निर्देश होईल अशी हाक मारू नये, अशी तिची शिफारस आहे.

भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली, आणि त्याच कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थेवर टाकली. हिणवणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गुन्हेगार ठरवणे कोणाच्याच हिताचे नाही, तेव्हा कायद्याने मोठ्यांना धरले हे योग्यच आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये शाळांत तक्रारपेटी आणि २०२२ मध्ये सखी-सावित्री समिती आली. या उपायांचा रोख प्रामुख्याने मुलींच्या व एकूण मुलांच्या सुरक्षिततेवर आहे. जातीवरून वा धर्मावरून हिणवल्याची चिठ्ठी त्या पेटीत पडेल का, हे पेटी कोणासमोर उघडली जाते यावर अवलंबून राहणार.

२८ एप्रिल २०१४ रोजी शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे अनुसूचित जातीतील सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. हत्या आणि वर्गातील हिणवणे यांना एका मापाने मोजता येत नाही. मात्र साक्ष देण्याची वेळ येते तेव्हा मोठ्यांना बोलणे किती जड जाते, ते या खटल्याने दाखवले. आणि तक्रारपेटीत चिठ्ठी टाकण्याची अपेक्षा आपण दहा वर्षांच्या मुलाकडून करतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि त्यांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. १९१९ च्या कोल्हापुरात जे एका राजाच्या हुकमाने झाले, ते या समितीला आपल्या गावापुरते करता येते: मध्यान्ह भोजनाची पंगत कशी बसते ते पाहणे, शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात न वाटता पालकाच्या हाती देणे, हरवलेल्या वस्तूसाठी एका मुलाचे दप्तर तपासायचे तर सर्वांचे तपासणे. आपल्या भागात यात एक व्यावहारिक अडथळा आहे. वस्तीवरचे पुष्कळ पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शाळेचे निम्म्याहून अधिक वर्ष तोवर सरलेले असते आणि समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' एवढीच नोंद झालेली असते.